उमेदवार एक, पक्ष दोन : १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक आणि महाराष्ट्र

राष्ट्रपतिपदाचा उमेदवार कोण असावा, या प्रश्नावरून भारतातला सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा पक्ष १९६९ मध्ये फुटला. बंगळूरच्या बैठकीत काँग्रेसने अधिकृत उमेदवार ठरवला, त्याच्या अर्जावर पंतप्रधानांनी सूचक म्हणून सही केली आणि पाच आठवड्यांनी तोच उमेदवार पक्षातल्याच मतांनी पडला. पक्षशिस्त मोठी की सदसद्विवेकबुद्धी, संघटना वरचढ की सरकार, हे वाद त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात उघड्यावर आले. या घडामोडीत तीन मराठी माणसे तीन वेगळ्या जागी उभी होती : गृहमंत्री यशवंतराव चव्हाण, मुंबई काँग्रेसचे सूत्रधार स. का. पाटील आणि माजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख. त्यामुळे हा दिल्लीचा इतिहास महाराष्ट्राच्या राजकारणाचाही इतिहास ठरतो.

मताचे मोल

राष्ट्रपतींना जनता थेट निवडत नाही. संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मिळून जो मतदारसंघ होतो, तो त्यांना निवडतो. जालना जिल्ह्यातल्या तीर्थपुरीचा मतदार या निवडणुकीत स्वतः कधीच मत देत नाही. त्याच्या वतीने घनसावंगीचे आमदार आणि परभणीचे खासदार मत देतात. आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून काढतात : लोकसंख्येला आमदारांच्या संख्येने भागायचे आणि आलेल्या आकड्याला हजाराने. १९७१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती आणि आमदार २८८ आहेत. म्हणून आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १७५ धरले जाते. १९६९ मध्ये हिशेब १९६१ च्या जनगणनेवर होता आणि आमदार २७० होते. तेव्हा हे मूल्य १४६ होते, तर खासदाराच्या मताचे ५७६.

मतदान गुप्त असते आणि मतदाराने उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा असतो. निम्म्याहून अधिक मतमूल्य पहिल्या पसंतीत कोणालाच मिळाले नाही, तर तळाचे उमेदवार एकेक करून वगळतात आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजतात. १९६९ चा सारा डाव या दुसऱ्या पसंतीभोवती फिरला.

बंगळूरची बैठक

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले. कार्यकाळात निधन पावलेले ते पहिले राष्ट्रपती. उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी हंगामी राष्ट्रपती झाले आणि नव्या उमेदवाराचा शोध सुरू झाला.

काँग्रेसची प्रकृती तेव्हा बरी नव्हती. १९६७ च्या निवडणुकीत लोकसभेत पक्षाचे बळ २८३ वर आले होते आणि अनेक राज्ये हातची गेली होती. महाराष्ट्र मात्र भक्कम राहिला होता. इथे विधानसभेच्या २७० पैकी २०३ जागा काँग्रेसला मिळाल्या होत्या. दिल्लीत पक्षसंघटना ज्येष्ठांच्या ज्या गटाच्या हाती होती, त्याला वर्तमानपत्रे ‘सिंडिकेट’ म्हणत. पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा, कामराज, अतुल्य घोष, संजीव रेड्डी आणि स. का. पाटील ही त्यातली प्रमुख नावे. इंदिरा गांधींना पंतप्रधान करण्यात १९६६ मध्ये कामराजांचा मोठा वाटा होता. त्या वेळी पक्षांतर्गत मतदानात इंदिराजींना ३५५ आणि मोरारजी देसाईंना १६९ मते पडली होती. तीन वर्षांत हे नाते उलटले. पंतप्रधानांनी संघटनेच्या सल्ल्याने चालावे, अशी ज्येष्ठांची अपेक्षा होती आणि इंदिराजी तसे चालायला तयार नव्हत्या.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बंगळूरच्या लालबागेतल्या काचघरात अखिल भारतीय काँग्रेस समितीचे अधिवेशन भरले. इंदिराजींनी तिथे आर्थिक धोरणावरचे टिपण पाठवून वादाला तोंड फोडले. खरा निर्णय मात्र आठ जणांच्या संसदीय मंडळात व्हायचा होता. लोकसभेचे सभापती संजीव रेड्डी यांचे नाव ज्येष्ठांनी पुढे केले. इंदिराजींनी जगजीवनराम यांचे नाव सुचवले. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात दलित समाजातली व्यक्ती राष्ट्रपती व्हावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. मतदान झाले. रेड्डींच्या बाजूने कामराज, पाटील, मोरारजी आणि यशवंतराव चव्हाण अशी चार मते पडली. जगजीवनरामांच्या बाजूने इंदिराजी आणि फखरुद्दीन अली अहमद अशी दोनच. अध्यक्ष निजलिंगप्पा आणि स्वतः जगजीवनराम यांनी मत दिले नाही.

चव्हाणांचे मत निर्णायक ठरले. १९६६ मध्ये इंदिराजींच्या बाजूने उभे राहिलेले यशवंतराव या वेळी ज्येष्ठांबरोबर गेले आणि पंतप्रधान आपल्याच पक्षाच्या मंडळात अल्पमतात आल्या.

विवेकाची हाक

पुढच्या दहा दिवसांत चित्र पालटले. १६ जुलैला इंदिराजींनी मोरारजींकडून अर्थखाते काढून घेतले आणि मोरारजींनी राजीनामा दिला. १९ जुलैला वटहुकूम निघून चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यांत पुण्यात १९३५ मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ महाराष्ट्र होती आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या अनेक बँकाही होत्या. उमेदवाराचा वाद आता दोन नावांपुरता राहिला नाही. गरिबांच्या बाजूचे कोण आणि धनिकांच्या बाजूचे कोण, अशी त्याची मांडणी झाली आणि ती खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली.

वटहुकमावर सही करून गिरींनी दुसऱ्याच दिवशी पद सोडले आणि अपक्ष म्हणून निवडणुकीत उडी घेतली. सरन्यायाधीश हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती झाले. कामगार चळवळीतून आलेल्या गिरींना कम्युनिस्ट, द्रमुक, अकाली अशा पक्षांचा पाठिंबा मिळाला.

रेड्डींची बाजू भक्कम करण्यासाठी निजलिंगप्पांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांशी बोलणी केली. या पक्षांच्या मतदारांनी दुसरी पसंती रेड्डींना द्यावी, अशी ही खटपट होती. इंदिराजींच्या गटाला हवे ते कारण मिळाले. पक्षाध्यक्षच विरोधकांशी हातमिळवणी करत असतील तर आमच्यावर शिस्तीचे बंधन कसले, असा सवाल जगजीवनराम आणि फखरुद्दीन अली अहमद यांनी केला. रेड्डींच्या बाजूने पक्षादेश काढायला इंदिराजींनी नकार दिला आणि सदस्यांना सदसद्विवेकबुद्धीनुसार मत देण्याची मोकळीक मिळाली. ज्याच्या अर्जावर सूचक म्हणून सही केली होती, त्याच उमेदवाराविरुद्ध पंतप्रधानांनी दार उघडून दिले. पक्षशिस्तीच्या दृष्टीने हा दोष मोठा होता आणि तो नाकारता येत नाही. पण सत्तेतल्या नेत्याला अंधारात ठेवून विरोधकांशी सौदा करणे हीसुद्धा शिस्त नव्हती.

चिंतामणरावांची उमेदवारी

जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचे उमेदवार होते चिंतामण द्वारकानाथ देशमुख. महाडजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नेहरूंच्या मंत्रिमंडळातले अर्थमंत्री आणि दिल्ली विद्यापीठाचे माजी कुलगुरू. महाराष्ट्राच्या मनात मात्र ते वेगळ्या कारणाने घर करून होते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयाविरुद्ध १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपदावर पाणी सोडले होते.

त्याच काळात स. का. पाटील मुंबई वेगळी ठेवण्याच्या बाजूने उभे होते आणि यशवंतरावांनी मुंबईसह महाराष्ट्रासाठी झालेल्या चळवळीची नाराजी पत्करून पक्षशिस्त पाळली होती. १९६० मध्ये राज्य स्थापन झाले, तेव्हा मुख्यमंत्री यशवंतरावच होते. १९५६ मध्ये तीन टोकांना असलेली ही तीन माणसे १९६९ मध्ये मतांच्या गणितात एकाच बाजूला आली. पाटील आणि चव्हाण यांनी रेड्डींना उमेदवारी दिली आणि देशमुखांना मिळालेल्या मतांवरची दुसरी पसंती रेड्डींकडे वळणार होती.

२० ऑगस्टचा निकाल

१६ ऑगस्टला मतदान आणि २० ऑगस्टला मोजणी झाली. रिंगणात पंधरा उमेदवार होते. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. विजयासाठी ४,१८,१६९ हवे होते. कोणीच तिथपर्यंत पोहोचला नाही. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत दुसऱ्या पसंतीने निकाल लागण्याचा हा एकमेव प्रसंग.

वगळलेल्या उमेदवारांच्या मतांतून रेड्डींच्या वाट्याला ९१,८७९ आली आणि गिरींच्या वाट्याला अवघी १८,५६२. दुसऱ्या पसंतीची खटपट जवळजवळ फळाला आली होती. तरी अखेरचा आकडा गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ असा लागला. फरक १४,६५० चा होता. तेरा खासदारांनी किंवा महाराष्ट्रातल्या एकावन्न आमदारांनी गिरींऐवजी रेड्डींना पसंती दिली असती, तर निकाल फिरला असता. रेड्डींना पाडले ते काँग्रेसमधून गिरींकडे गेलेल्या मतांनी.

निवडणुकीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. संसद सदस्यांमध्ये रेड्डींची बदनामी करणारे पत्रक वाटल्याचा त्यात आरोप होता. राष्ट्रपती गिरी स्वतः साक्ष द्यायला उभे राहिले आणि १९७० मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळल्या.

फूट आणि महाराष्ट्र

निकालानंतर पक्ष वाचवण्याची धडपड झाली. २५ ऑगस्टला काँग्रेस कार्यकारिणीने ऐक्याचा ठराव केला आणि त्यामागे यशवंतरावांचा पुढाकार होता. ही शांतता फार काळ टिकली नाही. १ नोव्हेंबरला दिल्लीत कार्यकारिणीच्या दोन वेगळ्या बैठका भरल्या. १२ नोव्हेंबरला निजलिंगप्पांनी इंदिराजींना पक्षातून काढले. काँग्रेसच्या दोन काँग्रेस झाल्या. इंदिराजींच्या काँग्रेसचे अधिवेशन डिसेंबरात मुंबईत भरले आणि अध्यक्षस्थानी जगजीवनराम होते.

बंगळूरमध्ये ज्येष्ठांबरोबर मत दिलेले चव्हाण फुटीच्या वेळी इंदिराजींच्या बाजूला आले. त्यांच्याबरोबर वसंतराव नाईकांचे सरकार आणि राज्यातली जवळजवळ सगळी संघटना आली. शेजारच्या गुजरातेत आणि म्हैसूर राज्यात ज्येष्ठांची काँग्रेस, म्हणजे संघटना काँग्रेस, प्रबळ होती. महाराष्ट्रात तिला मूळ धरता आले नाही. साखर कारखाने, जिल्हा परिषदा, जिल्हा बँका यांच्या आधाराने उभी राहिलेली इथली काँग्रेस एका नेत्याभोवती बांधलेली होती आणि तो नेता हलला तशी ती हलली. पाटील संघटना काँग्रेसमध्ये राहिले. १९६७ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडून दक्षिण मुंबईत हरल्यानंतर घसरलेले त्यांचे वजन पुन्हा सावरले नाही. १९७१ मध्ये इंदिराजींच्या काँग्रेसने लोकसभेत ३५२ जागा जिंकल्या आणि महाराष्ट्र त्यांच्या मागे एकवटला.

चव्हाणांवर कुंपणावर बसल्याची टीका झाली आणि ती दीर्घकाळ चिकटली. जून १९७० मध्ये गृहखाते जाऊन त्यांच्याकडे अर्थखाते आले. पण राज्यातला पक्ष त्यांनी अखंड राखला, हेही तितकेच खरे. महाराष्ट्रातली काँग्रेस उभी फुटली ती १९७८ मध्ये.

इतर वाटा

उमेदवार निवडताना पक्ष दुभंगणे जगाला नवे नव्हते. अमेरिकेत १९६८ मध्ये युजीन मॅकार्थी आणि रॉबर्ट केनेडी यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुका लढवल्या. त्यांतली एकही न लढवलेल्या ह्युबर्ट हम्फ्री यांना शिकागोच्या अधिवेशनाने उमेदवारी दिली आणि पक्ष चिरफाळला. धडा घेऊन त्या पक्षाने नियम बदलले आणि १९७२ पासून साध्या मतदारांचा कौल निर्णायक झाला. काँग्रेसने १९६९ नंतर असा कोणताही नियम केला नाही. निवड बंद खोलीतच राहिली. फक्त खोलीतली माणसे कमी झाली.

राष्ट्रपतिपदाच्या नंतरच्या निवडणुकांतही पक्षांच्या आणि आघाड्यांच्या सीमा पुसल्या गेल्या. २००७ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या प्रतिभाताई पाटील उमेदवार झाल्या, तेव्हा भाजपच्या आघाडीत असूनही शिवसेनेने मराठी उमेदवार म्हणून त्यांना मते दिली. २०१२ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे एक संस्थापक पूर्णो संगमा यांनी पक्ष सोडून प्रणव मुखर्जींविरुद्ध निवडणूक लढवली. २०२२ मध्ये शिवसेना फुटल्यावर महिन्याभरात दोन्ही गटांनी द्रौपदी मुर्मू यांनाच पाठिंबा दिला. १९८५ मध्ये पक्षांतरबंदी कायदा आला, तरी या निवडणुकीत आजही पक्षादेश बजावता येत नाही. १९६९ मध्ये मागितलेली मोकळीक कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक मतदाराजवळ आधीपासूनच होती.

१९७७ मध्ये नीलम संजीव रेड्डी राष्ट्रपती झाले, तेही बिनविरोध. आठ वर्षांपूर्वी ज्यांच्या नावावरून पक्ष फुटला, त्यांच्या नावाला या वेळी काँग्रेससह कोणाचाच विरोध नव्हता. म्हणजे १९६९ चे भांडण रेड्डींविषयी नव्हतेच. पक्षात अखेरचा शब्द कोणाचा, हे ठरवणारी सर्वमान्य रीत काँग्रेसजवळ नव्हती, आणि ती नसल्यामुळे उमेदवार निवडण्याचे साधे काम पक्ष मोडण्याचे निमित्त ठरले.