केदारनाथ श्रावणात की वैशाखात?

आज आम्ही बर्फाबद्दल बोलणार आहोत. आपल्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीतला नाहीतर गोळ्याच्या गाडीवरचा. डोंगर भरून पसरलेला बर्फ आमच्यातल्या कुणीच पाहिलेला नाही. तरी हा विषय आमच्या बैठकीत आला, आणि आला तो भांडणातून.

झालं असं, की आमच्या गटातल्या चौदा जणींनी दोन वर्षं नेहमीच्या बचतीशिवाय वेगळे पैसे बाजूला टाकले, केदार-बद्रीसाठी. पैसे जमत आले तेव्हा एका यात्रावाल्यानं सांगितलं, "ताई, श्रावणात चला. माणशी चार हजार कमी पडतील, गर्दीही नाही." आता मावळातल्या बाईला श्रावण सोयीचाच. भाताची आवणी उरकलेली असते, गणपतीला वेळ असतो, त्यातून महिना महादेवाचा. दहा जणींनी हात वर केले. एक काकू मात्र म्हणाल्या, "अगं, दोन हजार तेराला तिथं काय झालं ते विसरलात का?" कुणी म्हणालं, तो देवाचा कोप. कुणी म्हणालं, ढगफुटी. कुणी म्हणालं, बर्फ वितळला. नेमकं काय झालं ते आमच्यापैकी एकीलाही सांगता येईना. मग आम्ही ते शोधायला बसलो. जे कळलं ते आज सांगतो.

आधी हिमनदी म्हणजे काय ते. नावात नदी असली तरी ती पाण्याची नव्हे. उंच डोंगरात हिम पडतं, ते कापसासारखं भुरभुरीत असतं. त्यावर पुढच्या वर्षीचं हिम, त्यावर त्याच्या पुढचं. गोधड्यांच्या चळतीत तळाची गोधडी कशी दडपून घट्ट होते, तसं खालचं हिम दबून कडक बर्फ होतं. हा बर्फ आपल्याच वजनानं फार हळू उताराकडे सरकतो. खाली जिथं हवा उबदार असते तिथं तो वितळतो, आणि तिथून पाण्याची नदी सुरू होते. गंगेची मूळ धारा भागीरथी अशीच गोमुखातून निघते. गोमुख हे गंगोत्री हिमनदीचं तोंड. ही हिमनदी सुमारे 30 किलोमीटर लांब आहे, म्हणजे साधारण लोणावळ्यापासून तळेगावाच्याही पुढे जाईल एवढी.

हिमनदीचा हिशोब आमच्या गटाच्या वहीसारखाच असतो. हिवाळ्यात पडलेलं हिम ही जमा, उन्हाळ्यात वितळलेलं पाणी हा खर्च. दोन्ही सारखे असले की शिल्लक जागच्या जागी. गेल्या काही दशकांत हवा तापली आहे, त्यामुळे खर्च वाढला. काही ठिकाणी जमाही घटली, कारण हिम पडायचं तिथं पाऊस पडायला लागला. गोमुखाची मोजणी 1935 पासून होते आहे. तेव्हापासून ते दीड किलोमीटरच्या आसपास मागे सरकलं आहे.

इथं एक फसवी गोष्ट आहे. बर्फ जास्त वितळायला लागला की सुरुवातीची काही वर्षं नदीला पाणी वाढतं. ठेव मोडून खाणाऱ्याच्या हातात काही दिवस पैसा खेळतो, तसंच हे. पुढे ठेवच लहान झाली की पाणी घटतं, आणि ते घटतं भर उन्हाळ्यात, जेव्हा पाऊस नसतो आणि वरच्या खोऱ्यांची भिस्त बर्फावरच असते.

बर्फ गेला की उष्णता आणखी वाढते, हेही आम्हाला नवीन होतं. पण यात अवघड काही नाही. उन्हात पांढरी साडी नेसून उभ्या राहा आणि काळी नेसून उभ्या राहा, फरक पाठीला कळतो. पांढरा बर्फ ऊन परत फेकतो. तो वितळून खालचा काळा खडक उघडा पडला की तो ऊन पितो, आणि शेजारचा बर्फही वितळवतो. धुराची काजळी बर्फावर बसली तरी तेच होतं.

आता केदारनाथ. मंदिराच्या वर चोराबारी नावाची हिमनदी आहे, मंदाकिनी नदी तिथून निघते. ही हिमनदी मागे सरकताना दगड, वाळू, माती असा सगळा सैल राडा मागे सोडत आली. त्याच राड्याच्या नैसर्गिक बांधाआड एक तळं होतं, चोराबारी ताल. त्याला गांधी सरोवरही म्हणतात, कारण 1948 मध्ये गांधीजींच्या अस्थी तिथं विसर्जित केल्या होत्या. मंदिरापासून ते जेमतेम दोन किलोमीटरवर, पण उंचावर.

2013 मध्ये मोसमी पाऊस 16 जूनलाच सगळ्या देशात पोचला. तेव्हाच्या हिशोबानं तो नेहमी जुलैच्या मध्याला पोचायचा, म्हणजे एक महिना आधी. यात्रा भर गर्दीत होती आणि डोंगरावर हिवाळ्यातलं हिम अजून शिल्लक होतं. डेहराडूनच्या वाडिया संस्थेचं चोराबारीजवळ केंद्र होतं, तिथं 15 ते 16 जून या काळात 325 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आकडा ऐकून आमच्यातली एक म्हणाली, "एवढा तर आपल्या लोणावळ्यात पडतो की!" खरं आहे. जुलैत एका दिवसात दोनशे-तीनशे मिलिमीटर आपण पाहिलेला आहे. पण आपला सह्याद्री काळ्या कातळाचा. तिथं तो पाऊस पडला हिमावर आणि सैल राड्यावर. हिम वितळलं, त्याचं पाणी पावसाच्या पाण्यात मिळालं. 16 तारखेच्या संध्याकाळी पहिला लोंढा आला. 17 तारखेला सकाळी तळ्याचा बांध फुटला.

बांध कसा फुटतो ते आपल्याला कुणी शिकवायला नको. खाचराच्या बांधाला खेकड्यानं एक भोक पाडलं, तिथून पाणी झिरपायला लागलं आणि वेळेवर चिखल थापला नाही, तर सगळं खाचर रिकामं होतं. चोराबारी काही मिनिटांत रिकामा झाला. पाण्याबरोबर घराएवढे दगड आले. वाटेवरचा रामबाडा हा मुक्काम तर उरलाच नाही. हजारो माणसं गेली, त्यात महाराष्ट्रातलीही होती.

म्हणजे काकूंच्या प्रश्नाचं उत्तर एकच एक नाही. पाऊस अवेळी आणि अफाट होता. हिमनदी मागे हटल्यानं सैल दगडमाती उघडी पडली होती. शिवाय नदीकाठी, अगदी पात्रापर्यंत, बांधकामं झाली होती. नुसतं "बर्फ वितळला" म्हणणं अपुरं, आणि "देवाची करणी" म्हणून सोडून देणं तर आम्हाला पटलंच नाही. वर पडलेलं पाणी खाली न सांगता येतं हे आपल्यालाही माहीत आहे. 30 जून 2024 ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते आपल्या डोळ्यांसमोरचं आहे.

अशी तळी हिमालयात आता वाढत आहेत. सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक नावाचं तळं हिमनदी मागे हटत गेली तसं मोठं होत गेलं होतं. ऑक्टोबर 2023 मध्ये रात्री त्याच्या काठाचा उतार कोसळून पाण्यात पडला, पाणी उसळून बाहेर आलं आणि तिस्ता नदीवरचं चुंगथांगचं धरण वाहून गेलं. म्हणजे पावसाळा सरला की धोका सरला असंही नाही.

"पण आपल्या पाण्याचं काय?" असं एका मावशींनी विचारलं. इंद्रायणी निघते आपल्याच कुरवंड्याजवळ, आणि ती पावसाची नदी आहे. पवनाही तशीच. हिमालयातला बर्फ वितळला म्हणून मावळातला नळ कोरडा पडणार नाही. उगाच घाबरवायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं, म्हणून हे स्पष्ट सांगतो.

आपल्याला तो बर्फ गाठतो समुद्राच्या वाटेनं. यासाठी बैठकीत एक प्रयोग केला, तुम्हीही घरी करा. दोन पेले घ्या. एकात बर्फाचा खडा टाकून पेला काठोकाठ भरा. दुसरा नुसत्या पाण्यानं काठोकाठ भरा, त्यावर चहाची गाळणी ठेवा आणि गाळणीत बर्फ ठेवा. गाळणी पाण्याला टेकू देऊ नका. आमची पहिल्यांदा टेकली आणि सगळा घोटाळा झाला. पहिल्या पेल्यातला तरंगणारा बर्फ वितळला तरी एक थेंब सांडत नाही. दुसरा पेला ओसंडतो. उत्तर ध्रुवाजवळ समुद्रावर तरंगणारा बर्फ पहिल्या पेल्यासारखा. जमिनीवरचा बर्फ, म्हणजे हिमनद्या, ग्रीनलँड, अंटार्क्टिका, हा गाळणीतला. एकट्या ग्रीनलँडचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सुमारे 7 मीटर चढेल. ते काही उद्या होणार नाही, त्याला शतकंच्या शतकं लागतील. पण 1900 पासून आजवर समुद्र वीसेक सेंटिमीटर, म्हणजे एक वीत, चढला आहे. त्यात तापून फुगलेल्या पाण्याचाही मोठा वाटा आहे.

जाता जाता सांगतो, अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला दोन, सुदीप्ता सेनगुप्ता आणि अदिती पंत. 1983 च्या मोहिमेत त्या गेल्या. यातल्या अदिती पंत आपल्या नागपूरच्या, शिकल्या पुण्यात.

एक वीत म्हणजे काय, असं वाटेल. मुंबईत डबे पोचवणारे बहुतेक आपल्या मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडचे. भरती आणि मोठा पाऊस एका वेळी आले की मुंबईचं पाणी समुद्रात जात नाही, रुळांवर साचतं, लोकल बंद पडते. त्या दिवशी डबा नाही. समुद्र वीतभर वर असेल तर पाणी तुंबायला वीतभर कमी पुरतं.

तर, श्रावण की वैशाख? पुन्हा हात वर करायला सांगितले. श्रावणाला तीनच आले. यमुनोत्री आणि गंगोत्रीची दारं अक्षय तृतीयेला उघडतात, केदारनाथही त्याच सुमारास उघडतं आणि भाऊबीजेला बंद होतं. भाऊबीजेआधी आपली भातकापणी असते. म्हणून मे महिना ठरला. मे संपायच्या आत परत, जून बघायचाच नाही. गर्दी असेल, चार हजार जास्त पडतील. ते उभे करायला आणखी पाच महिने बचत चालू आहे. यात्रावाला थोडा रुसला. सरकारी नोंदणी सक्तीची आहे, ती आपली आपण करणार. पन्नाशीच्या पुढच्या पाच जणींचा रक्तदाब तपासून झाला. एकीला डॉक्टरांनी चढ चालू नका म्हणून सांगितलं. त्यांचे पैसे व्याजासकट परत दिले, तरी त्या आमच्याबरोबर दर रविवारी कार्ल्याला येतात. आम्ही एकवीरेच्या पायऱ्या चढतो तोवर त्या खाली चपला आणि डबे सांभाळत बसतात.