चाक बदलताना आतल्या सेन्सरची आठवण ठेवा



आपल्या कोयना खोऱ्यात एके काळी चारचाकी म्हणजे धरणाच्या कामावरची जीप, नाही तर एस.टी. आता तसं राहिलेलं नाही. पाटणपासून कोयनानगरपर्यंत वाडीवस्तीवर दारात पिकअप दिसते, जुनी घेतलेली मोटार दिसते, आणि गणपतीला मुंबईची मंडळी येतात तेव्हा तर गावात गाड्या लावायला जागा पुरत नाही. या नव्या गाड्यांपैकी पुष्कळ गाड्यांच्या चाकात एक छोटं यंत्र असतं. ते टायरमधल्या हवेचा दाब मोजतं आणि बिनतारी संदेशानं गाडीला कळवतं. त्यालाच लोक सेन्सर म्हणतात. टायर बदलायला गेलं की नेमका हाच मोडतो, आणि मालकाला पत्ता लागतो तो घाटात दिवा लागल्यावर. म्हणून पावसाळ्याच्या तोंडी टायर बदलण्याआधी हे पत्रक वाचून ठेवा.

प्रथम आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे ते ओळखा. पहिल्या प्रकारात प्रत्येक चाकात, रिमच्या आतल्या अंगाला, वालच्या बुडाशी काडेपेटीपेक्षा लहान डबी असते. तिच्यात दाब मोजणारा भाग, बारीकसा प्रक्षेपक आणि एक बॅटरी असते. तुम्ही आमचा कार्यक्रम ऐकता तो रेडिओ लहरींवर, तशाच लहरींवर ही डबीही बोलते. फक्त तिचा आवाज गाडीपुरता. दुसऱ्या प्रकारात चाकात काहीच नसतं. हवा कमी झालेलं चाक जरा बारीक होतं, म्हणून तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे घेतं. ब्रेकच्या यंत्रणेतले चाकाचे फेरे मोजणारे भाग हा फरक पकडतात. या प्रकारात टायर बदलला, चाकांची अदलाबदल केली किंवा हवा भरली, की गाडीला ‘आता हे बरोबर धर’ असं बटण दाबून किंवा पडद्यावरून सांगावं लागतं. एवढंच काम. पण चारही चाकांतली हवा आधी मापकाने नीट भरून घ्या. कमी हवेवर बटण दाबलंत तर गाडी त्या कमी हवेलाच बरोबर समजेल.

खरी काळजी पहिल्या प्रकारात. आपला गावचा पंक्चरवाला हाताने हुशार असतो, पण टॉमी घालून टायर उचकटायची त्याची सवय ट्यूबच्या काळातली. टॉमी वालजवळ घातली, किंवा मशीनचा दाबणारा पंजा वालच्या बाजूला आला, की डबी फुटलीच म्हणून समजा. म्हणून चाक खाली उतरायच्या आधी त्याला स्पष्ट सांगा, ‘दादा, आत सेन्सर आहे, वालपासून लांब धरून टायर सोडवा.’ टायर चढवतानाही शेवटची कड सेन्सरच्या अंगावर ओढली जाणार नाही असं बघायला सांगा. जवळ उभे राहा. लाजू नका. दुधाचं माप घेताना आपण उभे राहतोच ना?

वाल धातूचा असेल तर त्याच्या बुडाचं रबर, नट, आतली पिन आणि टोपण हे दर वेळी टायर बदलताना नवं घालावं. रबर जुनं झालं की तिथून हवा झिरपते आणि माणूस उगीच टायरमध्ये पंक्चर शोधत बसतो. नट जीव खाऊन आवळू नये. वाल पोकळ असतो, मोडतो. पिनेचीही एक गोष्ट ध्यानात ठेवा. असे वाल बहुधा ॲल्युमिनियमचे असतात. त्यांत साधी पितळी पिन घातली तर ओल लागून दोन धातूंमध्ये गंज धरतो आणि पिन आत जाम होते. निकेलचा मुलामा दिलेली पांढरट पिन मागा. वरचं टोपणही प्लॅस्टिकचंच लावा. कोयनानगरचा पाऊस, आणि पुढे चिपळूण-गुहागरकडची खारी हवा, यांत ही चूक एका हंगामात अंगाशी येते. मग पिन काढताना वाल तुटतो आणि वालबरोबर सेन्सरही जातो.

आता चाकांच्या अदलाबदलीविषयी. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे केली की टायर सारखे झिजतात, हे बरोबरच आहे. पण प्रत्येक सेन्सरला स्वतःचा एक नंबर असतो, जसा आपल्या जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावर असतो तसा. गाडीच्या दप्तरात ‘हा नंबर पुढच्या डाव्या चाकाचा’ अशी नोंद असते. चाकं फिरवली आणि नोंद तशीच राहिली, तर हवा कमी होणार मागच्या उजव्यात आणि पडदा दाखवणार पुढचं. काही गाड्या थोडा वेळ चालवल्यावर नवी जागा आपोआप ओळखतात, काहींना पडद्यावरून शिकवावं लागतं, तर काहींना हातातलं एक छोटं यंत्र चाकाजवळ धरून. तुमच्या गाडीचं काय, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. नुसता एक दिवा असलेल्या, चाक वेगळं न दाखवणाऱ्या गाडीत जागेचा प्रश्न येत नाही. पण सेन्सरच नवा घातला, तर त्याचा नंबर तिलाही शिकवावा लागतो.

परदेशात ज्या देशांत बर्फ पडतो, तिथे हा उद्योग वर्षातून दोनदा करावा लागतो. जर्मनी किंवा कॅनडात असलेल्या आपल्या मुलाबाळांना विचारा. थंडीचे टायर वेगळे, उन्हाळ्याचे वेगळे. बरेच जण चाकांचा अख्खा दुसरा संचच ठेवतात. त्या दुसऱ्या संचात सेन्सर नसले की हिवाळाभर दिवा जळत राहतो. आपल्याला बर्फाचा त्रास नाही, पण भंगारातून किंवा दुसऱ्या गाडीवरून रिम घेणाऱ्यांची गत तीच होते. बोल्टाची भोकं जुळली म्हणजे सेन्सर जुळला असं नाही. दुसऱ्या बनावटीच्या गाडीचा सेन्सर वेगळी भाषा बोलतो, गाडीला ती कळत नाही.

दिव्याची खूणही नीट शिका. घोड्याच्या नालेसारखी पिवळी आकृती आणि मध्ये उद्गारचिन्ह. गाडी सुरू केल्यावर हा दिवा क्षणभर लागून विझला तर ठीक. लागून तसाच राहिला तर कुठल्या तरी चाकात हवा कमी आहे. मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर यंत्रणेतच बिघाड आहे: सेन्सर फुटला, बॅटरी संपली, किंवा ओळख पटली नाही. नवं चाक लावल्यावर दिवा लगेच विझला नाही म्हणून घाबरू नका. उभ्या गाडीत हे सेन्सर झोपलेले असतात. चाक फिरू लागलं की जागे होतात. थोडं अंतर चालवून मग बघा. बॅटरी साधारण सात ते दहा वर्षं टिकते, पण डबी बंद असते, बॅटरी वेगळी बदलता येत नाही. म्हणून जुनी गाडी घेताना हा खर्च भावात धरा.

एका श्रोत्यानं आम्हांला कळवलं, की त्यांनी घेतलेल्या जुन्या मोटारीच्या त्या दिव्यावर विकणाऱ्यानं काळी पट्टी चिकटवलेली होती. हे पुष्कळ ठिकाणी चालतं. फुटलेला सेन्सर काढून साधा रबरी वाल घातला तरी गाडी चालते, हे खरं. पण मग दिवा कायम जळतो, माणूस त्याला सरावतो, आणि ज्या दिवशी खरंच हवा गेलेली असते त्या दिवशी त्याच्याकडे कुणी बघत नाही. भरलेली गाडी घेऊन कुंभार्ली घाट उतरणाऱ्याला हे परवडायचं नाही. कमी हवेच्या टायरच्या भिंती दर फेऱ्याला वाकतात, वाकून तापतात, आणि आतले धागे सुटतात. बाहेरून टायर धडधाकट दिसतो.

उलट बाजूही सांगतो. दिवा नाही म्हणजे हवा बरोबर, असंही धरू नका. अमेरिकेत २००७ सालापासून नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची आहे. तिथल्या नियमाप्रमाणे दाब चौथ्या हिश्शानं उतरला की इशारा मिळालाच पाहिजे. म्हणजे ३२ पौंडाच्या टायरमध्ये २४ उरेपर्यंत दिवा गप्प राहू शकतो! युरोपात २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना सक्ती झाली, तिथला नियम जरा कडक आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे आपल्या धरणात बसवलेल्या यंत्रानं भूकंपाचा हादरा कागदावर टिपून घेतला. भिंतीची दुरुस्ती आणि बळकटी मात्र माणसांनाच करावी लागली. तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा साध्या मापकानं हवा बघायचीच.

ती बघायची सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, थंड टायरवर. किती भरायची तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत असतो. टायरच्या अंगावर छापलेला असतो तो कमाल दाब, तो भरायचा नव्हे. हवामान दहा अंशांनी बदललं की दाब सुमारे दीड पौंडानं बदलतो. हिवाळ्याच्या पहाटे कोयनानगरात थंडीनं दिवा लागतो आणि ऊन चढल्यावर विझतो, त्याचं कारण हेच. पण विझला म्हणून सोडू नका, हवा कमीच आहे. उंचीचाही थोडा परिणाम होतो. धरणाची पूर्ण पातळी २१६३ फूट, हे आपल्याला पाठ आहे. चिपळूण जवळजवळ समुद्रसपाटीला. घाट उतरला की बाहेरच्या हवेचा भार वाढतो आणि मापकावर दाब एखाद्या पौंडानं कमी दिसतो. त्यात बिघाड काही नाही.

स्टेपनीत बहुधा सेन्सर नसतो. ती लावल्यावर दिवा लागला तर समजून घ्या. बारीक स्टेपनी असेल तर तिच्यावर वेगाची मर्यादा लिहिलेली असते, ती पाळा आणि मूळ चाक लवकर दुरुस्त करा. २०२० सालच्या नियमबदलापासून साडेतीन टनांपर्यंतच्या, ट्यूबलेस टायरच्या ज्या मोटारींत ही यंत्रणा आणि पंक्चर काढायचं साहित्य आहे, त्यांना स्टेपनी ठेवण्याची सक्ती नाही. गाडी घेताना डिकी उघडून बघा. मोबाईलला रेंज नसलेल्या वळणावर स्टेपनी नसल्याचं कळण्यात अर्थ नाही. आमचं मत विचाराल तर घाटावरच्या माणसानं स्टेपनी बाळगावी. पंक्चरचा चिकट द्रव वापरलाच तर तो सेन्सरच्या भोकात बसू शकतो, म्हणून नंतर टायर उघडून आतून पुसून घ्यायला सांगा.

चाक घरी बदलत असाल तर गाडी सपाट जागी घ्या, हातब्रेक ओढा, समोरच्या चाकाला दोन्हीकडून दगड लावा आणि ओल्या मातीत जॅकखाली जाड फळी ठेवा. नट जॅक चढवण्यापूर्वीच थोडे सैल करा. आवळताना एकाआड एक, समोरासमोर आवळा, आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा पाना लावून बघा.

नवा टायर घेताना अंगावरचा चार आकडी शिक्का वाचा. २३२५ असेल तर तो २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षीच्या खाचेत मध्येमध्ये बारीक उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की खाच १.६ मिलिमीटर उरली. आपल्याकडच्या पावसात तेवढी वेळ येऊ देऊ नका, त्याआधीच बदला.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी दोन शब्द. आपल्याकडच्या साध्या ट्रॅक्टरला असे सेन्सर नसतात आणि मागच्या मोठ्या चाकातला दाब मोटारीपेक्षा पुष्कळ कमी असतो, म्हणून मोटारीच्या मापकावर तो नीट वाचता येत नाही; कमी दाबाचं वेगळं मापक घ्या. चाकात पाणी भरलेलं असेल तर वाल वरच्या अंगाला आणून मगच मापक लावा, नाही तर आत पाणी शिरून मापक बाद होईल.