शाळा की उपदेश: कोल्हापूर मिशनचा जुना वाद

रॉयल गूल्ड वायल्डर 1852 च्या अखेरीस कोल्हापुरात आले. अमेरिकन मिशनचे काम अहमदनगरला तोवर रुजले होते. कोल्हापूर मात्र अंबाबाईचे क्षेत्र आणि छत्रपतींचे संस्थान. इथे त्यांनी शाळा काढल्या आणि त्यावरूनच वाद पेटला. त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रुफस अँडरसन यांचे मत उलटे होते. मिशनने उपदेश करावा, स्थानिक मंडळी उभी करावी आणि ती स्वतःच्या पायावर चालू लागली की बाजूला व्हावे. शाळांत पैसा गुंतवू नये. वायल्डरांनी ते मानले नाही. बोर्डापासून वेगळे होऊन 1861 मध्ये ते पुन्हा कोल्हापुरात आले आणि स्वतःच्या हिमतीवर काम चालवले. 1870 मध्ये ते प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेले.

पुढची शंभर वर्षे वायल्डरांच्या बाजूने बोलतात. आयर्विन ख्रिश्चन हायस्कूल आणि एस्तेर पॅटन हायस्कूल ही नावे कोल्हापूरकरांना नव्याने सांगायला नकोत. मिशनचे डॉक्टर विल्यम वानलेस 1889 मध्ये भारतात आले, 1894 मध्ये मिरजेचे इस्पितळ सुरू झाले, 1897 पासून तिथे वैद्यकीय शिक्षणही मिळू लागले. कोल्हापूर-मिरज रेल्वे नुकतीच झाली होती, त्यामुळे घाटाखालचा-वरचा रोगी तिथवर पोहोचू शकला. घरात कुणी फारच आजारी पडले की ‘मिरजेला न्या’ हा सल्ला कुणीतरी द्यायचाच. शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहे उभी करवली, त्यांत 1915 मध्ये इंडियन ख्रिश्चन होस्टेलही आले. खेड्यातल्या ख्रिस्ती पोराला शहरात राहून शिकायची सोय झाली, हे मला फार मोलाचे वाटते.

याच गावाने जगालाही काही दिले. वायल्डरांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये कोल्हापुरात जन्मला. 1886 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या माउंट हर्मन इथल्या शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी मिशन कार्याला वाहून घेतले, त्यामागे त्याची मोठी धडपड होती. त्यातून निघालेल्या स्टुडंट व्हॉलंटिअर चळवळीने पुढे हजारो तरुण देशोदेशी धाडले.

तरीही अँडरसन यांचे म्हणणे मोडीत निघाले, असे मी म्हणणार नाही. वेगवेगळ्या मिशनांच्या मंडळ्या एकत्र येऊन 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. परदेशी पैसा आटत गेला. इमारती आणि जमिनी मात्र मागे राहिल्या, आणि मिशनच्या मालमत्तेपायी महाराष्ट्रात कितीतरी कोर्टकचेऱ्या झाल्या. मंडळी जिवंत राहिली ती दुसरीकडे. खेड्यातली सुगीची उपासना पाहावी: ज्वारीची कणसं, भुईमुगाच्या शेंगा, नारळ, एखादी कोंबडी वेदीपुढे येते आणि उपासना संपली की लिलाव पुकारला जातो. एक नारळ तीनतीनदा विकला जातो, कारण घेणारा तो परत अर्पण करतो. जमलेला पैसा मंडळीच्या कामाला लागतो. पेटी-तबल्यावर ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची पदे चालू असतात. ती पदे कुणाला परकी वाटत नाहीत.

ही मंडळी बांधली कुणी? मिशनऱ्यांची चरित्रे आहेत, त्यांची पत्रे जपलेली आहेत. गावोगाव पायपीट करणारे मराठी उपदेशक, घरोघर जाऊन बायकांना वाचायला शिकवणाऱ्या बायबल स्त्रिया, महारवाड्यात रात्रशाळा चालवणारे मास्तर यांच्याबद्दल फारच थोडे लिहिले गेले. त्यांचा माग बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या जुन्या वह्यांत लागू शकतो. त्या वह्यांना वाळवी लागायच्या आत प्रत्येक मंडळीने त्या उतरवून काढाव्यात, आणि ज्या घरांत थकलेले आजी-आजोबा आहेत त्यांनी त्यांच्या आठवणी याच वर्षी लिहून घ्याव्यात.