कळा, करंट आणि कंबरेवरची चार पॅड

कंबर धरली, मान आखडली की फिजिओथेरपिस्टकडे जाऊन 'करंट लावून' यायचं, हे आपल्याकडे आता आजी-आजोबांनाही सवयीचं झालंय. तिथल्या मशीनांपैकीच एक म्हणजे टेन्स. पण हेच मशीन बाळंतपणाच्या कळांतही वापरतात असं म्हटलं, की ऐकणारीच्या कपाळाला आठ्या पडतात: अवघडलेल्या बाईला करंट? दुसऱ्या टोकाला 'वेदनारहित प्रसूती'ची भाषा करणाऱ्या जाहिराती आहेत. भीती जितकी निराधार, तितकंच ते आश्वासनही पोकळ. ब्रिटनमध्ये दिवस भरत आलेली बाई हे मशीन विकत किंवा भाड्याने आणून बॅगेत टाकते आणि त्यात कुणाला काही नवल वाटत नाही. आपल्याकडे प्रसूतीसाठी त्याचा वापर अजून तुरळक आहे, त्यामुळे ऐकीव माहितीला रान मोकळं.

मशीन म्हणजे मुठीत मावेल अशी एक डबी. आत बॅटरी, बाहेर वायरींच्या दोन जोड्या आणि त्यांच्या टोकांना चार चिकट पॅड. वरची दोन पॅड पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना, साधारण ब्राच्या पट्ट्याच्या उंचीवर लावतात. खालची दोन कंबरेखालच्या खळ्यांच्या जरा वर. ही जागा मनाला येईल तशी ठरलेली नाही. प्रसूतीच्या पहिल्या टप्प्यात गर्भपिशवी आकसते आणि तिचं तोंड उघडत जातं, तेव्हाची वेदना वाहून नेणारे मज्जातंतू छातीचे शेवटचे तीन आणि कंबरेचा पहिला, या पातळीवर मज्जारज्जूला मिळतात. बाळ खाली सरकून योनिमार्ग ताणला जातो, तेव्हाची वेदना त्याच्या बरीच खालून, त्रिकास्थीच्या पातळीवरून येते. वरची जोडी पहिलीसाठी, खालची दुसरीसाठी.

यामागचा विचार 1965 सालचा आहे. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक आणि ब्रिटिश मज्जावैज्ञानिक पॅट्रिक वॉल यांनी त्या वर्षी 'सायन्स' नियतकालिकात 'गेट कंट्रोल' सिद्धान्त मांडला. कोपर दाराला आपटलं की आपण आपसूक ते चोळतो आणि दुखणं जरा निवतं, त्याचं शास्त्रीय कारण त्यात सापडतं. स्पर्श आणि दाब यांचे संदेश जाड, वेगवान तंतूंतून जातात, वेदनेचे बारीक आणि संथ तंतूंतून. मज्जारज्जूत दोन्हींची गाठ पडते. स्पर्शाचे संदेश भरपूर आले, की वेदनेच्या संदेशांना वर मेंदूकडे जायची वाट अरुंद होते. टेन्सने पाठीवर येणाऱ्या मुंग्या म्हणजे हे चोळणंच, फक्त विजेने केलेलं. तसं पाहिलं तर विजेने दुखणं उतरवायची कल्पना त्याहून कितीतरी जुनी. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर आणि संधिवातावर चक्क वीज सोडणारा जिवंत मासा लावायला सांगत असे. त्या मानाने आजच्या बाईचं बरंच बरं म्हणायचं.

'करंट बाळाला लागतो'

सगळ्यात पहिली शंका ही आणि ती येणं स्वाभाविकच आहे. पण मशीन बॅटरीवर चालतं, भिंतीतल्या प्लगशी जोडून नव्हे. त्यातून येणारा प्रवाह मिलिअँपिअरमध्ये मोजण्याइतका, तोही अखंड नाही, तर अगदी क्षणिक ठोक्यांचा. तो एका पॅडकडून जोडीच्या दुसऱ्या पॅडकडे पाठीच्या त्वचेतून आणि तिच्या लगतच्या भागातून वाहतो. पोटावर पॅड लावायचेच नसतात. कळांमधल्या टेन्सवर आजवर झालेल्या अभ्यासांत आईला किंवा बाळाला त्यापासून इजा झाल्याचा पुरावा मिळालेला नाही.

म्हणजे कुणीही, केव्हाही, कसंही लावावं असं मात्र नाही. जिच्या छातीत पेसमेकर आहे तिने टेन्स वापरायचंच नाही. फिट येण्याचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं. सदतीस आठवडे पूर्ण व्हायच्या आत कंबर दुखते म्हणून घरच्या घरी हे मशीन लावू नये. पाण्यात तर अजिबात नाही: कढत पाण्याने अंघोळ करून कंबर शेकायची असेल तर आधी मशीन बंद, मग पॅड काढायचे, मग अंघोळ. जखम किंवा पुरळ असलेल्या त्वचेवर पॅड चिकटवत नाहीत. आणि बाळाचे ठोके मोजणाऱ्या मॉनिटरच्या नोंदीत कधीकधी मशीनच्या ठोक्यांची भेसळ होते, तेव्हा सिस्टर 'जरा बंद करा' म्हणाल्या तर घाबरायचं कारण नाही. बाळाला त्रास होतोय म्हणून त्या तसं म्हणत नसतात, त्यांना मॉनिटरचा कागद स्वच्छ हवा असतो.

'लावलं की दुखतच नाही'

इथे मात्र जाहिरातदारांना थांबवायला हवं. 2009 मध्ये कॉक्रेन या संस्थेने तोवरच्या डझनाहून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या. हजारावर बायकांची माहिती त्यात होती. टेन्स लावलेल्या आणि न लावलेल्या बायकांनी आपल्या वेदनेला जे आकडे दिले, त्यांत फारसा फरक सापडला नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने तर 2014 च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलं, की कळा चांगल्या जोरावर आल्यावर टेन्स देऊ करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींत वेदना कमी करण्यासाठी एपिड्युरल आहे, अफूजन्य औषधं आहेत, श्वासाची आणि शिथिलीकरणाची तंत्रं आहेत, मालिश आणि गरम शेकही आहेत. टेन्सची शिफारस त्यात नाही.

मग हे मशीन माळ्यावर टाकायचं का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण त्याच कॉक्रेनच्या कागदांत आहे. टेन्स वापरलेल्या बायकांपैकी बहुतेकींनी पुढच्या बाळंतपणातही ते वापरायची तयारी दाखवली. आकडा तोच, तरी पुन्हा हवं! यातला काही भाग नुसत्या विश्वासाचा असू शकतो. शिवाय अशी चाचणी निर्दोष करणं अवघड, कारण खोटं मशीन लावलेल्या बाईला मुंग्या येत नाहीत आणि तिला लगेच कळतं. पण आणखीही एक गोष्ट आहे. कळांच्या काळात बाईच्या अंगावर जे काही होतं, ते बहुतेक दुसरं कुणीतरी करत असतं. तपासणी दुसऱ्याने करायची, सलाइन दुसऱ्याने लावायचं, आता जोर लाव आणि आता लावू नकोस हेही दुसऱ्यानेच सांगायचं. टेन्सचं बटण तिच्या स्वतःच्या हातात असतं. कळ चढायला लागली की ती दाबते, ओसरली की सोडते. शून्य ते दहाच्या पट्टीवर याची नोंद कशी व्हावी?

गेट सिद्धान्ताच्या मेल्झॅक यांनीच पुढे माँट्रियलमध्ये, आपणच तयार केलेल्या प्रश्नावलीच्या मदतीने प्रसववेदना मोजल्या. त्या माणसाला होणाऱ्या सर्वांत तीव्र वेदनांमध्ये गणल्या जाव्यात असं त्यांना आढळलं, आणि प्रसूतीपूर्व वर्गांत शिकून आलेल्या बायकांनाही त्या फक्त थोड्या कमी वाटल्या. 'वेदनारहित बाळंतपण' ही कल्पना मिथक आहे, असं त्यांनी 1984 मध्ये जाहीरपणे मांडलं. सोसलं नाहीस म्हणून दुखलं, असं पहिलटकरणीला ऐकवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

'सहन होईनासं झालं की मग लावू'

नेमकं उलटं आहे. टेन्सचा उपयोग व्हायचाच असेल, तर तो सुरुवातीच्या तासांत, विशेषतः ज्यांची कळ पोटापेक्षा कंबरेतून निघते त्यांना. पिशवीचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडलंय, दवाखाना 'अजून वेळ आहे, घरी जाऊन या' म्हणतोय आणि घरी बसून घड्याळाकडे बघवत नाही, ती ही वेळ. तेव्हा लावलं की शरीराला मुंग्यांची सवय होते आणि प्रवाह हळूहळू वाढवत नेता येतो. कळा जोरात आल्यावर पहिल्यांदा लावलं तर त्या मुंग्यांचाच वैताग येतो.

जोर जितका जास्त तितका आराम जास्त, हाही एक पक्का समज. मुंग्या ठळक जाणवाव्यात, पण टोचू नयेत आणि स्नायू फडफडायला लागू नयेत. फडफड दिसली की प्रवाह कमी करायचा.

पॅड लावायचं काम मात्र जिची पाठ आहे तिला करता येत नाही. कुणीतरी जवळ हवं. ते कसं लावायचं हे आधीच एकदा करून बघावं, भर मध्यरात्री माहितीपत्रक वाचत बसू नये. आपल्या घरांतली एक खास अडचण म्हणजे तेल. माहेरी आलेल्या लेकीच्या कंबरेला आईने दुपारी तेल चोळलेलं असतं आणि संध्याकाळी त्यावर पॅड टिकत नाही, कोपरे सुटतात आणि सुटलेल्या कोपऱ्याशी चटका बसल्यासारखं होतं. साबणाच्या पाण्याने पाठ पुसून पूर्ण कोरडी करायची, मग पॅड. तेल लावूच नये असं नाही, फक्त पॅडच्या जागा सोडून. दवाखान्यात लेबर रूममध्ये कुणी सोबत असू शकतं का, याचीही आधी चौकशी करावी. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी बाईसोबत एक जण राहू द्यावं, असा निर्णय केंद्राने 2016 मध्ये घेतलेला आहे. प्रत्यक्षात दाराशी काय सांगितलं जातं, तो वेगळा विषय.

'बाबांचं गुडघ्याचं मशीन आहेच की'

तत्त्व एकच, पण प्रसूतीसाठीच्या मशीनला ते हातात धरायचं बटण असतं. दोन कळांच्या मध्ये हलके, थांबून थांबून येणारे ठोके आणि बटण दाबलं की सलग, जोरकस ठोके. साध्या मशीनवर कळ चढत असताना चकती फिरवत किंवा चार बटणं चाचपत बसावं लागतं. त्याहून मोठा घोळ वेगळाच आहे. बाजारात मिळणारी कितीतरी मशीनं टेन्सबरोबर स्नायू आकसवणारा कार्यक्रमही देतात, व्यायामाच्या पट्ट्यांत असतो तसला. तो कळांच्या वेळी नको. डबीवर कोणता कार्यक्रम चालू आहे हे समजत नसेल, तर ती वापरू नये आणि फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून घ्यावी. प्रसूतीपूर्व व्यायाम शिकवणाऱ्या अनेक फिजिओथेरपिस्टना हे माहीत असतं.

'याने कळा सुरू होतात' आणि 'याने कळा थांबतात'

दोन्ही ऐकायला मिळतं. चाचण्यांमध्ये प्रसूतीला लागलेल्या वेळात ठाम असा फरक दिसलेला नाही. तारीख उलटली म्हणून घरी टेन्स लावून कळा आणायचा प्रयत्न करणं चूक. कळा आणायच्या असतील तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

'टेन्स घेतलं म्हणजे एपिड्युरल नाही'

आपल्याकडे 'पेनलेस' म्हणतात ते बहुतेक एपिड्युरलच, आणि टेन्स हा त्याचा पर्याय नाही. दोन्हींत तुलनाच नको: एपिड्युरलने खरोखर वेदना बऱ्याच प्रमाणात थांबते, पण त्यासाठी भूलतज्ज्ञ लागतो, रक्तदाबावर आणि बाळाच्या ठोक्यांवर नजर ठेवावी लागते आणि बाईचं हिंडणं-फिरणं कमी होतं. टेन्स लावून ती खोलीत येरझाऱ्या घालू शकते, उभी राहू शकते, खिडकीशी वाकून झुलू शकते. पहिले काही तास टेन्स आणि नंतर एपिड्युरल, असं करायला काहीच हरकत नाही. टेन्समुळे पुढचं कुठलंही औषध घ्यायला आडकाठी येत नाही. फक्त भूलतज्ज्ञ जिथे सुई घालणार, ती जागा नेमकी दोन जोड्यांच्या मधली असते. म्हणून आधी मशीन बंद करायचं, पॅड काढायचे आणि जेलचा चिकटपणा पुसायचा. भूलतज्ज्ञ रात्री-अपरात्री मिळतो का, हे मात्र नववा महिना लागतानाच दवाखान्याला विचारून ठेवायला हवं. बऱ्याच लहान गावांत त्याचं उत्तर 'नाही' असं येतं.