हाडांतून बाहेर या की!

तुमच्या अंगात आत्ता या क्षणी नवं रक्त कुठे तयार होतंय, सांगा पाहू? हृदयात? छे! हृदय ते फक्त ढकलतं. रक्त तयार होतं हाडांच्या पोटात, मऊ मऊ अस्थिमज्जेत. तिथे मूळपेशी राहतात. त्यांच्यापासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स असं सगळं बनतं.

मायलोमा नावाच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये डॉक्टर कधीकधी इतकं जालीम औषध देतात, की कॅन्सरबरोबर मज्जेचाही फडशा पडतो. म्हणून पेशंटच्याच मूळपेशी आधी काढून, गोठवून ठेवतात आणि मग परत देतात.

पण काढायच्या कशा? त्या भारी चिकट! त्यांच्या अंगावर सीएक्ससीआर4 नावाचं प्रथिन असतं. मज्जेतलं सीएक्ससीएल12 हे प्रथिन त्याला धरून ठेवतं. गर्दीच्या लोकलमध्ये दांडी पकडून उभं राहावं, तशा त्या तिथे टिकून असतात. मग चार-पाच दिवस जीसीएसएफ नावाच्या औषधाची इंजेक्शनं द्यायची. हाडं ठणकतात खरी, पण पकड सुटते आणि मूळपेशी रक्तात उतरतात. एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, गरागरा फिरतं, मूळपेशी वेगळ्या निघतात आणि उरलेलं रक्त परत अंगात! काही तास नुसतं पडून राहायचं.

आता खरी गंमत. इंजेक्शन तेच, तरी कुणाच्या मूळपेशी एका दिवसात भरपूर मिळतात, तर कुणाच्या काही केल्या बाहेरच येत नाहीत. वय आणि आधी घेतलेली औषधं ही कारणं आहेतच, पण जनुकांचाही यात हात आहे. उंदरांत हे स्पष्ट दिसतं: सी57 ब्लॅक 6 जातीचे काळे उंदीर या बाबतीत कंजूष, बाल्ब-सी जातीचे पांढरे उंदीर त्यांच्यापेक्षा उदार. माणसांत सीएक्ससीएल12च्या जनुकातलं एकच अक्षर बदललं की जास्त पेशी सुटतात, असं काही शास्त्रज्ञांना आढळलं, पण सगळ्यांना नाही. एकटं अक्षर एवढा पराक्रम करत असेल, असं मलाही वाटत नाही.

हट्टी पेशींसाठी प्लेरिक्साफोर हे औषध आहे. ते सीएक्ससीआर4लाच अडवतं. खरं तर शास्त्रज्ञ ते एचआयव्हीसाठी तपासत होते, तेव्हा ते घेणाऱ्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या! 2008 साली अमेरिकेत त्याला मूळपेशी सोडवण्याच्या कामासाठी परवानगी मिळाली.

आणि हो, गोठवलेल्या पेशी परत देताना खोलीत चक्क लसणासारखा वास सुटतो. तो पेशींचा नव्हे. गोठताना त्या फुटू नयेत म्हणून घातलेल्या डीएमएसओ या रसायनाचा.