शीत कुणी निवडायचं?

ठाण्यातल्या कोलशेत रस्त्यावरच्या किती घरांना उन्हाळ्यात टँकरचं पाणी विकत घ्यावं लागतं, हे शोधून काढायचंय असं समजा. एखाद्या टॉवरच्या गेटवर उभं राहून शंभर जणांना विचारलंत तर एक उत्तर मिळेल, गावठाणातल्या नाक्यावर दुसरं आणि खाडीकडच्या चाळीत तिसरंच. बोलणारे सगळे खरंच बोलतील, तरी यातलं एकही उत्तर अख्ख्या कोलशेतचं नसेल. जो समोर आला त्याला विचारलं, की तो झाला ‘सोयीचा नमुना’. शितावरून भाताची परीक्षा जरूर करावी, पण शीत कुठलं घ्यायचं हे आपल्या हाताला ठरवू देऊ नये. हाताला ही मोकळीक मिळू नये म्हणून संख्याशास्त्रज्ञांनी काय काय युक्त्या काढल्या ते वाचण्यासारखं आहे. त्यातल्या काही तर अगदी आपल्या घरच्या आहेत.

एकाच शहरात ५७ आणि १६

जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत करोनाचं सेरो सर्वेक्षण झालं. सुमारे सात हजार रक्तनमुने तपासले. झोपडपट्टी आणि बाकीची वस्ती यांचे नमुने मुद्दाम वेगवेगळे घेतले होते. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, बाकीच्या वस्तीत १६ टक्के! दोन्हींची सरमिसळ करून एकच आकडा काढला असता, तर त्यावरून ना इकडचं कळलं असतं ना तिकडचं. आधी थर पाडायचे, मग प्रत्येक थरातून निवड करायची, याला ‘स्तरित नमुना’ म्हणतात. गावठाण, चाळी आणि टॉवर शेजारी शेजारी असलेल्या कोलशेतला हीच पद्धत शोभते.

पापलेटची होडी आणि पाळी

माझी सगळ्यात आवडती पद्धत मासळी बंदरावरची आहे. देशाच्या किनाऱ्यावर किती मासळी उतरते याचा अंदाज केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्था काढते. प्रत्येक बंदरावर रोज माणूस उभा करणं अशक्यच. म्हणून बंदरं निवडली जातात, दिवस निवडले जातात आणि होड्याही निवडल्या जातात. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग पाडून कुठल्या दिवशी जायचं ते यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे निव्वळ योगायोगावर सोपवून ठरतं. निरीक्षक पहिल्या दिवशी दुपारी बारा ते सहा बंदरावर थांबतो, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा. मधल्या रात्री काय उतरलं याची सकाळी विचारपूस करतो.

खरी गंमत होड्यांची आहे. पंधरा किंवा त्याहून कमी होड्या लागल्या तर सगळ्यांची मासळी नोंदवायची. वीस ते एकोणतीस असतील तर एकाआड एक, तीस ते एकोणचाळीस असतील तर दर तिसरी, पन्नास किंवा त्याहून जास्त असतील तर दर पाचवी. समोर पापलेटने भरलेली होडी लागली आणि सगळा धक्का तिच्याभोवती जमला, तरी तिची पाळी नसेल तर निरीक्षकाने तिच्याकडे वळायचं नाही. पाळी असलेल्या होडीत नुसता जवळा असेल, तर जवळाच लिहायचा. या शिस्तीचं मला मनापासून कौतुक वाटतं.

बुध गावचे सुखात्मे

सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे फर्ग्युसन कॉलेजातून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. स्तरित नमुन्यात कुठल्या थरातून किती जण घ्यायचे याचं गणित संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमान यांनी १९३४ मध्ये मांडलं होतं: थर मोठा असेल आणि आतून फार उलटसुलट असेल, तर तिथून जास्त जण घ्या. पण तो किती उलटसुलट आहे हे आधी कसं कळणार? पुढच्याच वर्षी सुखात्म्यांनी याच प्रश्नावर शोधनिबंध लिहिला. आधी छोटा नमुना घेऊन अंदाज बांधला तरी बरंचसं काम भागतं, असं त्यांनी दाखवलं. तेव्हा ते पंचविशीतही नव्हते.

भारतात परतल्यावर त्यांनी शेत गाठलं. पिकाचं उत्पन्न मोजायला शेताचा छोटासा तुकडा कापायचा, पण केवढा? संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता. सुखात्म्यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’मधून हरकत घेतली. रेघेवर उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर, अशी शंका आली की कापणारा ते नकळत आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितका त्याच्या मानाने काठ जास्त, आणि तितकं उत्पन्न फुगलेलं. कुणी लबाडी करत नाही, तरी आकडा खोटा निघतो! या वादाच्या खुणा आजही शेतात दिसतात. पुष्कळ राज्यांत पाच मीटर बाजूचा चौरस कापतात, उत्तर प्रदेशात दहा मीटर बाजूचा समभुज त्रिकोण, पश्चिम बंगालमध्ये वर्तुळ.

मुरबाड-शहापूरकडे भात कापणीला आला की कृषी सहायक, तलाठी, ग्रामसेवक टेप आणि दोरी घेऊन बांधावर येतात ते याच कामासाठी. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून किती पावलं आत जायचं हे यादृच्छिक अंक सांगतात, डोळ्यांना भरलेलं पीक नव्हे. पीकविम्याची भरपाई ठरवताना याच कापणी प्रयोगांचा आधार घेतात, म्हणून त्या पावलांना फार मोल आहे.

यादृच्छिक अंक येतात कुठून? १९२७ मध्ये टिपेट या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने ४१,६०० अंकांचं पुस्तक छापलं. त्यासाठीचे अंक त्यांनी जनगणनेच्या अहवालांतून उचलले होते.

अंकांऐवजी चिठ्ठ्या काढल्या आणि त्या नीट ढवळल्या नाहीत तर घोटाळा होतो. १९६९ मध्ये अमेरिकेने सैन्यभरतीसाठी वाढदिवसांच्या ३६६ कॅप्सूल भांड्यात टाकून एकेक काढली. भरताना महिन्यांचा क्रम राहिला आणि ढवळाढवळ कमी पडली, त्यामुळे वर्षअखेरीच्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांचे क्रमांक फार लवकर लागले. समोर व्हिएतनामचं युद्ध होतं!

दार कोण उघडतं?

देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जबाबदारी असते. २०१९-२१ च्या फेरीत निवडलेल्या प्रत्येक गावातून किंवा शहरी गटातून २२ घरं घेतली. आधी सगळ्या घरांची यादी, मग ठरावीक अंतराने एकेक घर, हा ‘पद्धतशीर नमुना’. कुलूप दिसलं म्हणून शेजारच्या घरात शिरायचं नाही, कारण दिवसा कुलूप असलेल्या घरातली माणसं बहुधा कामावर असतात आणि तीच गळली तर चित्र बदलतं. घरात एकाचीच मुलाखत घ्यायची असेल, तर काही सर्वेक्षणांत ‘शेवटचा वाढदिवस कुणाचा झाला?’ असं विचारतात. नाहीतर दर वेळी दार उघडणाराच बोलत राहील.

नमुना प्रचंड मोठा असला म्हणजे भागलं, असंही नाही. अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी एक कोटी मतपत्रिका धाडल्या आणि वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यांवरून साप्ताहिकाने लँडन जिंकणार असं सांगितलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. नावं टेलिफोन आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतली होती, शिवाय ज्यांना वाटलं त्यांनीच उत्तरं पाठवली.

उलट, नीट निवडलेले हजार जण असतील तर चूक साधारण तीन टक्क्यांच्या आसपास राहते. २०११ च्या जनगणनेतल्या १८ लाखांच्या ठाणे शहरासाठी हजार आणि सव्वाअकरा कोटींच्या महाराष्ट्रासाठीही जवळपास तेवढेच!

यादीच नसेल तर? येऊरच्या जंगलात बिबटे काही नावं नोंदवत नाहीत. तिथे कॅमेरे लावतात आणि अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक बिबट्या ओळखतात. पहिल्या खेपेला २० दिसले, दुसऱ्या खेपेलाही २०, आणि त्यातले १० आधीचेच निघाले, तर जंगलात साधारण ४० असावेत असा हिशेब निघतो. कॅमेरे मात्र वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावावे लागतात, कारण बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे ठिपके सारखे नसतात आणि एकच बाजू टिपली तर एकाचे दोन मोजले जातात.