तलवारबाजीचा पहिला धडा



मुलानें घरीं येऊन तलवारबाजी शिकण्याची इच्छा बोलून दाखविली, कीं आईच्या काळजांत धस्स होतें व वडील विचारांत पडतात. प्रभूनें पेत्राला तलवार म्यानांत घालावयास सांगितलें, हें ज्या शाळेंत शिकवितात तेथील मुलानें तलवार कां धरावी? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर या खेळाच्या पहिल्या धड्यांतच आहे.

शस्त्रांचा खेळ आपणांस नवा नाहीं. दांडपट्टा, बोथाटी व फरीगदगा आपल्या तालमींतून चालत आले आहेत. नाशकांत तर डॉ. मुंजे यांनीं १९३७ सालीं भोंसला मिलिटरी स्कूल स्थापिलें. आज स्पर्धांतून खेळली जाणारी तलवारबाजी मात्र युरोपांत वाढली असून ती १८९६ पासून ऑलिंपिकमध्यें आहे.

तिच्यांत तलवारी तीन. फॉईलचें टोंक केवळ धडावर लागलें तरच गुण मिळतो. एपीचें टोंक सर्वांगावर चालतें. सेबरनें कमरेच्या वर, डोकें व हात धरून, टोंकानें किंवा पात्याच्या कडेनें वार करतां येतो. पुष्कळ ठिकाणीं आरंभ फॉईलनें करवितात. तिचें वजन ५०० ग्रॅमहून कमी, टोंक बोथट व पातें लवचिक असतें.

परंतु नवशिक्याचे पहिले दिवस पायांचे असतात. उजव्या हाताच्या मुलानें उजवें पाऊल समोर व डावें त्याशीं काटकोनांत ठेवावें, दोन्ही टांचा एका रेषेंत असाव्या, गुडघे वांकवावे व भार दोन्ही पायांवर सारखा घ्यावा. पुढें जातांना पुढचें पाऊल आधीं, मागें येतांना मागचें आधीं; पाय एकमेकांस ओलांडूं नयेत. झेप घेतांना प्रथम हात सरळ करावा व मग पाय टाकावा. उतावळा मुलगा पाय आधीं टाकतो आणि आपणच प्रतिपक्ष्याच्या टोंकावर जाऊन पडतो!

दुसरा धडा नियमाचा. फॉईल व सेबर यांत ज्यानें हल्ला आधीं सुरूं केला, त्याचा हक्क पहिला. दुसऱ्यानें प्रथम तो वार अडवावा व मगच उलट वार करावा. दोघांचे वार एकदम लागले, तर न अडवितां हात चालविणाऱ्यास गुण मिळत नाहीं. रागानें अंगावर धांवणारा येथें हरतो.

आतां पालकांच्या भीतीविषयीं. १९८२ सालीं रोम येथें सोव्हिएत विजेते व्लादिमीर स्मिर्नोव्ह यांच्या प्रतिस्पर्ध्याचें पातें मोडून मुखवट्यांतून आंत शिरलें व त्यांत त्यांचा अंत झाला. त्यानंतर पातीं, मुखवटे व कपडे यांच्या मजबुतीचे नियम कडक झाले. म्हणून मुखवटा, जाड अंगरखा, त्याखालील काखेचें संरक्षक व हातमोजा यांवांचून सामना करूं नये, आणि थट्टेनेंही कोणावर शस्त्र रोखूं नये. पालकांनीं एक दिवस शिकवणी पाहावी. जेथें हा नियम ढिला असेल, तेथें मूल पाठवूं नये.

साधनें महाग आहेत, हें खरें. परंतु चेन्नईची भवानी देवी २००४ च्या सुमारास शाळेंत शिकूं लागली, तेव्हां सरावासाठीं बांबूच्या काठ्या वापरीत असे. टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें २०२१ सालीं उतरलेली ती पहिली भारतीय तलवारपटू. पहिला सामना तिनें १५-३ असा जिंकला. दुसरा ७-१५ असा गमावला.

सामन्यापूर्वीं प्रतिपक्ष्यास तलवारीनें वंदन करावें लागतें, आणि शेवटीं हरलेल्यानेंही वंदन करावें लागतें. पेत्राची तलवार संतापाच्या भरांत उपसली गेली होती. या खेळांत हात उगारण्यापूर्वीं तो आवरावयास शिकवितात. तेवढें साधलें, तर पदक न मिळालें तरी शिक्षण वायां गेलें नाहीं.